संवेदनशील त्वचेसाठी सनस्क्रीन : खनिज घ्यावे की रासायनिक?

होळी झाली की तुकोगंजातल्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर सनस्क्रीनच्या नळ्या पुढच्या रांगेत येतात. कुणावर ‘मिनरल’ लिहिलेले, कुणावर ‘जेल’, कुणावर ‘सेन्सिटिव्ह स्किन’. ज्यांना काहीही लावले की चेहऱ्याची आग होते, त्यांचा तिथे गोंधळ उडतो. दुकानदार एक सांगतो, मुलगी मोबाइलवर दुसरेच वाचून दाखवते आणि अमेरिकेतली नणंद तिसरीच नळी पाठवते. मंडळाच्या सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबांना एका जागी नीट माहिती मिळावी, म्हणून आम्ही हे पान तयार केले आहे. हे डॉक्टरी सल्ल्याच्या जागी नाही. डॉक्टरांकडे केव्हा जावे हेही शेवटी दिले आहे.

थोडक्यात उत्तर

- त्वचा खरोखर संवेदनशील असेल तर सुरुवात खनिज सनस्क्रीनने करावी. म्हणजे ज्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आहे आणि सुगंध नाही, असे.
- पण नळीच्या पुढे ‘मिनरल’ लिहिले आहे एवढे पुरत नाही. मागची यादी वाचावी.
- आग होण्याचे कारण पुष्कळदा सनस्क्रीनमधला फिल्टर नसून सुगंध, एखादे टिकवण द्रव्य किंवा आधी वापरलेले ‘गोरे करणारे’ मलम असते. ते कारण सापडल्याशिवाय नळ्या बदलून उपयोग नाही.
- जे पुरेसे लावले जाते तेच सनस्क्रीन कामाचे. चेहरा पांढरा दिसतो म्हणून चिमूटभर लावलेल्या खनिज सनस्क्रीनपेक्षा सहन होणारे आणि भरपूर लावलेले रासायनिक सनस्क्रीन बरे.

इंदूरचे ऊन

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही पलीकडून जाते. म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो : जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी उभ्या खांबाची सावली काही क्षण त्याच्याच पायाशी जाते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भारताची घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि इंदूर ७६ अंशांच्या थोडे अलीकडे आहे. त्यामुळे आपली खरी मध्यान्ह बाराला होत नाही. ऋतूप्रमाणे थोडी मागेपुढे होत ती साधारण साडेबाराच्या आसपास होते. म्हणजे दीड वाजताचे ऊनही मध्यान्हीला लागूनच असलेले, भर माथ्याचे ऊन असते. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात जपावे, असे म्हणतात ते यासाठीच. घड्याळ नसेल तर सावली पाहावी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तर ऊन कडक समजावे.

उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माळव्यातली हवा गार लागते, म्हणून ऊन सौम्य आहे असे वाटते. श्रावणातल्या ढगाळ दिवशी मांडूला किंवा पातालपाणीला सहलीला गेले, तरी ढगांतून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. अतिनीलमध्येही दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. यूव्हीबी त्वचा भाजते, लाल करते. यूव्हीए अधिक खोल जाते, काळे डाग आणि वांग वाढवते, सुरकुत्या आणते. अनेक औषधांमुळे आणि रसायनांमुळे उठणाऱ्या ‘उन्हाच्या अ‍ॅलर्जी’लाही मुख्यतः तीच कारणीभूत असते. साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बरीचशी आत येऊ देते. खिडकीपाशी बसून वाचणाऱ्या आजोबांनी आणि रोज कारने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दोन प्रकार म्हणजे नेमके काय?

‘खनिज’ सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही दोन द्रव्ये असतात. झिंक ऑक्साइड आपल्याला नवे नाही. घरातल्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये तेच असते, बाळाच्या लंगोटाच्या जागी लावायच्या मलमातही असते आणि क्रिकेटपटूंच्या नाकाओठांवरचा पांढरा पट्टाही त्याचाच. ही द्रव्ये त्वचेत विरघळत नाहीत, वरच बसून राहतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी फार विरळा होते. दोघांत झिंकचा पल्ला मोठा आहे, यूव्हीएचा बराच भाग ते अडवते. टायटॅनियम यूव्हीबीसाठी चांगले, लांब लहरींच्या यूव्हीएसाठी कमी पडते.

‘रासायनिक’ सनस्क्रीनमध्ये कार्बनी रेणू असतात. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलिन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्सिबेन्झोन, होमोसॅलेट ही जुनी नावे. बेमोट्रिझिनॉल, एथिलहेक्सिल ट्रायझोन ही त्यामानाने नवी. हे पारदर्शक असतात, पातळ पसरतात, पांढरा थर ठेवत नाहीत.

खनिज आरशासारखे किरण परतवते आणि रासायनिक ते शोषते, असे सर्रास सांगितले जाते. ते फारसे खरे नाही. झिंक आणि टायटॅनियमसुद्धा मुख्यतः किरण शोषूनच काम करतात. परतवलेला भाग थोडाच असतो. त्यामुळे ‘रासायनिकमुळे त्वचा तापते, खनिजमुळे थंड राहते’ असल्या जाहिराती पाहून निवड करू नये. संवेदनशील त्वचेसाठी खरा फरक वेगळा आहे : रासायनिक गटातल्या काही जुन्या रेणूंची अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ते डोळ्यांत उतरले की झोंबतात, खनिज द्रव्यांचे तसे सहसा होत नाही. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली बेन्झोफेनोन गटाला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले होते. ऑक्सिबेन्झोन याच गटातले. नवे फिल्टर आकाराने मोठे असल्यामुळे त्वचेत कमी शिरतात आणि त्यांचा त्रासही कमी दिसतो.

रासायनिक फिल्टर रक्तात जातात, ही बातमी पुष्कळांनी वाचली असेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केलेल्या आणि २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, अंगभर जाड थर लावल्यावर काही फिल्टर रक्तात मोजण्याइतके सापडले, हे खरे. पण सापडणे म्हणजे अपाय होणे नव्हे. ‘अधिक तपासणी हवी’ असा त्याचा अर्थ होता. सनस्क्रीन बंद करा, असे कुणी सांगितले नाही. झिंक आणि टायटॅनियम मात्र त्याच प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात सुरक्षित व परिणामकारक गटात धरले.

आधी पाहा : आपली त्वचा कोणत्या अर्थाने ‘संवेदनशील’ आहे?

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे’ या एका वाक्यामागे निदान पाच वेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे आहे.

*१. लावताच झोंबणे.* लावल्यावर काही मिनिटांत चुरचुर होते, तासाभरात शमते, पुरळ उठत नाही. ही बहुधा कोरडी, सोललेली किंवा सतत फेसवॉशने घासलेली त्वचा असते. आधी आठ-पंधरा दिवस साधे मॉइश्चरायझर वापरून त्वचा सावरू द्यावी. पुष्कळदा तेच सनस्क्रीन मग चालते.

*२. अ‍ॅलर्जी.* लगेच काही होत नाही. एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड येतात. इथे पहिला संशयित फिल्टर नसून सुगंध, दुसरा टिकवण द्रव्ये. ज्यांना टिकलीच्या गोंदाने, कुंकवाने किंवा केसांच्या काळ्या रंगाने त्रास झाला आहे, त्यांनी नवीन काहीही लावताना जास्त सावध राहावे. काळ्या रंगातले पीपीडी हे द्रव्य आणि जुन्या सनस्क्रीनमधले पाबा हे रासायनिक दृष्ट्या जवळचे नातेवाईक आहेत. पाबा आता क्वचितच सापडते, पण यादीत दिसले तर ती नळी ठेवून द्यावी.

*३. उन्हात गेल्यावरच उठणारी अ‍ॅलर्जी.* सनस्क्रीन लावून घरात बसले तर काही नाही, उन्हात गेले की चट्टे. यात ऑक्टोक्रायलिन आणि ऑक्सिबेन्झोन यांची नावे वारंवार येतात. गुडघेदुखीसाठी लावायच्या केटोप्रोफेन जेलची ज्यांना उन्हात अ‍ॅलर्जी झाली आहे, त्यांना ऑक्टोक्रायलिनचाही त्रास होण्याची शक्यता मोठी असते. आपल्या घरांत दुखण्यावरची जेल एकमेकांना सहज दिली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

याच गटात आपल्याकडचे एक खास कारण बसते : गाजरगवत. हिंदीत गाजर घास, काहींच्या तोंडी काँग्रेस गवत. भारतात ते पहिल्यांदा लक्षात आले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. त्यानंतरच्या काळात पुणे परिसरातल्या माणसांचे चेहरे, माना, हात सुजून खाजू लागले आणि १९७४ मध्ये त्याविषयीचे शास्त्रीय लेखनही प्रसिद्ध झाले. आज ते माळव्यातही रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, पावसाळ्यानंतर सगळीकडे दिसते. त्याचे निर्मूलन हा जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेचा मोठा विषय आहे. याचे सूक्ष्म कण हवेतून येऊन त्वचेवर बसतात. काही रुग्णांत पुढे त्वचा उन्हालाच असह्य होते आणि मग माणूस सनस्क्रीनला दोष देत बसतो.

ओळखण्याची एक खूण अशी : निव्वळ उन्हाचा त्रास असेल तर हनुवटीखालची, कानामागची आणि वरच्या पापणीची जागा बहुधा सुटते, कारण तिथे सावली असते. हवेतून येणाऱ्या कणांचा त्रास असेल तर नेमक्या याच सावलीच्या जागा, मानेच्या घड्या आणि कोपराचा आतला भागही धरला जातो. ही खूण शंभर टक्के नाही, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी नक्की आहे.

*४. स्टिरॉइड मलमाने बिघडलेला चेहरा.* ही तक्रार आपल्याकडे सर्वांत जास्त लपवली जाते. वांग, मुरमे किंवा ‘रंग उजळण्यासाठी’ कुणाच्या तरी सांगण्यावरून एक नळी आणली जाते. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन असते. काहींत त्याबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो, लग्नाआधी तर घरातले सगळे कौतुक करतात. मग त्वचा पातळ होते, लाल बारीक शिरा दिसतात, मुरमे आणि केस वाढतात. मलम थांबवले की चेहरा पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असे नावच दिले आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. तरीही ती घराघरांत सापडतात.

अशा चेहऱ्याला जवळपास कोणतेही सनस्क्रीन झोंबते. ‘मला कुठलेच सनस्क्रीन चालत नाही’ असे कुणी म्हणाले, तर आधी कपाटातली मलमाची नळी पाहावी. सनस्क्रीन बदलणे हा इथे उपाय नाही. ते मलम कसे सोडवायचे ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. तोवर ओढणी, टोपी, छत्री, आणि डॉक्टरांनी हो म्हटले तर साधे बिनसुगंधी झिंक. आणि घरातल्या कुणा मुलीला ‘सावळी आहे, हे लावून बघ’ असे सांगून आपण होऊन अशी नळी देऊ नये.

*५. पोटातली औषधे.* डॉक्सिसायक्लिन, मुरमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबाच्या काही गोळ्यांतले हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडेरोन, यांमुळे ऊन जास्त लागते. ल्युपससारख्या आजारातही तसेच होते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे आणि उन्हापासूनचे जपणे वाढवावे.

कोणी काय निवडावे?

*इसब, अतिकोरडी त्वचा, चेहऱ्यावर सतत लाली :* खनिज, बिनसुगंधी, क्रीम स्वरूपात. जेलमध्ये अल्कोहोल असले तर ते झोंबते.

*वांग आणि काळे डाग :* रंगछटा असलेले, म्हणजे ‘टिंटेड’, खनिज सनस्क्रीन. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अतिनील किरणच नव्हे तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि साधे सनस्क्रीन, मग ते कोणत्याही प्रकारचे असो, तो फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड लागते. रंगछटा त्यानेच येते आणि चेहरा पांढराफटक दिसण्याची तक्रारही त्यानेच मिटते.

*तेलकट, मुरमांची त्वचा :* इथे नव्या फिल्टरांचे हलके रासायनिक जेल बहुधा जास्त सोयीचे. खनिजाचा जाड थर नको वाटतो आणि मग लावणेच सुटते.

*डोळ्यांत उतरून झोंबणारे :* कपाळावर आणि डोळ्यांभोवती खनिज, बाकी चेहऱ्यावर आवडेल ते. दोन प्रकार वापरायला हरकत नाही.

*कोड असलेल्या जागा :* तिथे रंगद्रव्य नसते, त्यामुळे ती त्वचा लवकर भाजते. खनिज सनस्क्रीन, नाहीतर कापड. उपचार म्हणून ठरावीक वेळ ऊन घ्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांची वेळ पाळावी.

*लहान मुले :* सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी सावलीत ठेवावे, टोपी-झबले घालावे. त्यापुढे लावायचे तर खनिज आधी. फवारा मुलांच्या तोंडाजवळ नको, तो श्वासात जातो.

*गरोदरपण :* या काळात वांग उमटते. टिंटेड खनिज हा बहुतेक डॉक्टरांचा पहिला सल्ला असतो.

डबा कसा वाचावा?

भारतात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन मानले जाते, औषध नव्हे. म्हणून अमेरिकेतल्या नळीवर असतात तशी फिल्टरांची टक्केवारी आपल्याकडच्या प्रत्येक नळीवर मिळेल असे नाही. यादी मात्र असते. ती अशी पाहावी :

- फिल्टर. फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असतील तरच पूर्ण खनिज. ‘विथ झिंक’ लिहिलेल्या कित्येक नळ्यांत ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रायलिनही असते. डब्यावर ऑक्टिनॉक्सेटचे नाव ‘एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट’, ऑक्सिबेन्झोनचे ‘बेन्झोफेनोन-३’ आणि अ‍ॅव्होबेन्झोनचे ‘ब्युटिल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन’ असे लिहिलेले असते.
- लपलेला मदतनीस. ‘शंभर टक्के मिनरल’ म्हणणाऱ्या काही नळ्यांत ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेट असते. फिल्टर म्हणून त्याची गणना होत नाही, पण ते रासायनिक फिल्टरांच्या नात्यातलेच आहे. पूर्ण खनिज घेऊनही त्रास झाला तर हे शोधावे.
- सुगंध. ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा शब्द नसावा. लव्हेंडर, संत्र्याचे तेल असली ‘नैसर्गिक’ तेलेही सुगंधच. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढेच. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ हवे.
- टिकवण द्रव्य. मिथाइलआयसोथायझोलिनोन असेल तर संवेदनशील त्वचेने टाळावे.
- आयर्न ऑक्साइड. याचे सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे क्रमांकही लिहिलेले असतात.
- एसपीएफ. हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के, ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते. रोजच्यासाठी ३० पुरे. वांग किंवा उन्हाची अ‍ॅलर्जी असेल तर ५०. शंभराच्या मागे लागू नये.
- यूव्हीए. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द आणि ‘पीए’पुढे तीन किंवा चार अधिक चिन्हे पाहावीत.

परदेशातून आलेल्या नळीबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध मानले जाते आणि तिथली मंजूर फिल्टरांची यादी वर्षानुवर्षे जुनीच राहिली. त्यामुळे युरोपात आणि भारतात मिळणारे काही चांगले नवे फिल्टर तिथल्या नळ्यांत नसत. ‘बाहेरचे’ म्हणजे आपोआप सौम्य, असे नाही.

घरी चाचणी कशी करावी?

नवीन नळी थेट चेहऱ्यावर लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर थांबावे. काही झाले नाही तर पुढचे तीन दिवस जबड्याच्या कडेला लावून नेहमीसारखे बाहेर जावे; उन्हात उठणारी अ‍ॅलर्जी असेल तर ती इथे कळण्याची शक्यता असते. त्या काळात दुसरे काहीही नवे सुरू करू नये, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. एखाद्या सनस्क्रीनने आधी तीव्र त्रास झाला असेल तर ही चाचणीही घरी न करता डॉक्टरांकडे करावी.

किती आणि कसे लावावे?

एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो आणि मग ५० चे संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. सोपे माप : तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढे चेहरा आणि मानेला लागते.

याचा हिशेब घरी करून पाहता येतो. चेहरा, मान आणि कान यांना एका वेळी साधारण पावणेदोन ग्रॅम लागते. रोज फक्त एकदा लावले तरी ५० ग्रॅमची नळी चार आठवड्यांत संपायला हवी. तीच नळी सहा महिने पुरत असेल, तर आपण गरजेच्या सहाव्या भागाएवढेच लावतो आहोत. महागडी नळी पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त, सहन होणारी नळी भरपूर वापरलेली चांगली.

मॉइश्चरायझर आधी, मग सनस्क्रीन, त्यानंतर पावडर, कुंकू. निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे. घाम आला, तोंड पुसले किंवा दोन तास उन्हात राहिले तर पुन्हा लावावे. खनिज सनस्क्रीन चोळत बसू नये; थोडे थोडे थापून दोन थरांत लावले की पांढरेपणा कमी दिसतो. रात्री साध्या सौम्य क्लेन्झरने काढावे, घासू नये. मे महिन्यात नळी गाडीच्या डिकीत ठेवू नये, ती तापून बिघडते.

रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरमध्ये जाणाऱ्यांसाठी : भर दुपारचे ऊन, रंगाचे पाणी आणि नंतरची घासाघीस हे तिन्ही संवेदनशील त्वचेला एकाच दिवशी भेटतात. पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे घालावेत, सनस्क्रीन आधी लावावे, त्यावर चेहऱ्याला तेल चोळू नये, कारण त्याने थर निघतो. रंग एका दिवसात निघालाच पाहिजे असा हट्ट धरू नये.

आणि कापड विसरू नये. दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळतात ती पद्धत चांगली आहे, मात्र वीण दाट हवी. पातळ पांढरे सुती कापड, त्यातही ओले, फार थोडे ऊन अडवते.

घरगुती उपायांबद्दल

कोरफड, चंदन, खोबरेल तेल त्वचेला बरे वाटते, पण ते सनस्क्रीन नव्हे. दोन गोष्टी तर उन्हात घातक आहेत. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून किंवा लिंबे पिळलेले हात न धुता उन्हात गेले, तर त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा भाजून काळे डाग पडतात. बावचीचे तेल कोडासाठी वापरले जाते. त्यातले सोरॅलेन ऊन लागताच त्वचेवर फोड आणू शकते. डाग घालवायला म्हणून हे लावू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन वेगवेगळी बिनसुगंधी सनस्क्रीन लावून त्रास झाला, पुरळ दोन आठवड्यांत गेले नाही, पापण्या सुजल्या, उन्हात दहा मिनिटांत चट्टे उठू लागले, किंवा स्टिरॉइड मलम महिनाभराहून जास्त वापरले गेले असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले एमवाय, तुकोगंजापासून जवळ आहे. जाताना चेहऱ्याला आणि केसांना लावत असलेली प्रत्येक वस्तू, दुखण्यावरची जेल आणि रोजच्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. कुठल्या द्रव्याची अ‍ॅलर्जी आहे हे पाठीवर पट्ट्या लावून करतात त्या पॅच टेस्टने कळते; तिच्यातच उन्हाच्या अ‍ॅलर्जीसाठी अतिनील किरण टाकून करायचा प्रकारही आहे. एकदा नाव कळले की ते कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. पुढच्या प्रत्येक खरेदीला तोच कागद दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.